‘जातो’ एवढंच म्हणायचं होतं

माझ्या साडूला आमच्या दोन्ही घरांत चुकाकाका म्हणतात. हे नाव माझ्या पोरांनी पाडलं आणि ते बंद व्हावं म्हणून मी काडीचाही प्रयत्न केला नाही. चूक म्हणजे तुम्ही-आम्ही रोज करतो ती नव्हे. चूक म्हणजे बारीक खिळा, सोफ्याचं कापड लाकडावर ठोकायला लागतो तो. साडू सोफे शिवतो. कामाला बसला की चिमूटभर चुका तोंडात टाकतो, जिभेनं एकेक पुढे आणतो, हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवतो आणि ठोकतो. तोंडात खिळे असलेल्या माणसाला बोलता येत नाही, आणि ही सोय साडूला मनापासून आवडते. बायकोनं काही अडचणीचं विचारलं की तो फुगलेल्या गालाकडे बोट दाखवतो आणि पुढची चूक ठोकतो.

मी त्याच्या अगदी उलट. माझा धंदा मोटार शिकवण्याचा. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं, आणि त्यानं नाही दाबला तर माझ्या पायाखाली जो जादा ब्रेक बसवलेला असतो तो आपण दाबायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुणी खड्ड्याकडे निघालेला मला बघवत नाही. खुर्चीत बसलेलो असलो तरी उजवा पाय आपोआप जमिनीत रुततो आणि तोंड सुटतं. माझी बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोजची परीक्षा. असेल.

साडूचा कारखाना म्हणायचा तो एका फर्निचरच्या दुकानामागची लांबट खोली. वर दोन खिडक्या, खाली लाकडी घोड्यांवर उलटे पडलेले सोफे, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, भिंतीला स्प्रिंगा टांगलेल्या. आख्ख्या गावाला बसायला मऊ जागा करून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र घडीच्या लोखंडी खुर्च्या. चार. पाहुणे जास्त आले तर साडू उभा राहतो. त्याची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सोफा मागते आहे. साडूचं उत्तर ठरलेलं, “परत जायचंच आहे ना कधीतरी. कशाला जड सामान करायचं?” कपाट नाही, पलंग नाही, भिंतीला एक खुंटीसुद्धा त्यानं ठोकू दिली नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या लाकडात खिळे ठोकणारा माणूस! ताई एकदा मला म्हणाली, “अरे, माझं लग्न झालंय की मी स्टेशनवर बसलेय, हेच मला कळत नाही.”

आम्ही बाकीचे सगळे इथेच जन्मलो. आमचे आईवडील तिकडून आले, भाषा घेऊन आले, एवढंच. साडू मात्र बाविशीत आला. बाप लहानपणीच गेलेला. तिकडे सरहद्दीवर मारामारी चालू होती आणि सक्तीनं सैन्यात हजर होण्याचं बोलावणं त्याच्या दारात येऊन पडलं होतं. आईनं त्याला हजर होऊ दिलं नाही. तिनंच पिशवी भरली आणि तिनंच काढून दिलं. धाकटी बहीण तेव्हा शाळेत होती. पुढे लग्न झाल्यावरही ती नवऱ्यासकट आईजवळच राहिली. साडू इथे आला, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली सोफे शिवायला शिकला, यथावकाश इथला रीतसर नागरिक झाला. आणि गेली तेवीस वर्षं तो आईला भेटायला जाऊ शकलेला नव्हता.

का, ते सांगतो. तिकडच्या सरकारचा कायदा असा, की त्यांच्याकडे जन्मलेला माणूस परत येण्याच्या इराद्यानं बाहेर पडला असेल, तर तो जगात कुठेही राहो, कुणाचाही पासपोर्ट खिशात घालो, तो त्यांचाच. खटला त्यांचा, कोठडी त्यांची. म्हणजे इकडच्या लेखी साडू इथला सोफेवाला, आणि तिकडच्या लेखी पळून गेलेला शिपाई. मी त्याला घेऊन आपल्या परराष्ट्र खात्यात गेलो होतो. तिथल्या बाई सरळ होत्या. म्हणाल्या, “ते तुम्हाला त्यांचा माणूस मानतात तोवर तुम्ही तिकडे पाऊल टाकलंत की आमचे हात बांधलेले. आमच्या वकिलातीतल्या माणसाला ते तुम्हाला भेटूसुद्धा देणार नाहीत.”

हे काही पुस्तकातलं नव्हतं. आमच्या ओळखीचा एक रंगारी बापाच्या अंत्ययात्रेला म्हणून गेला होता. त्याला विमानतळावरूनच उचलला. आपल्या वकिलातीचा माणूस कोठडीच्या दारापर्यंत गेला आणि तिथल्या पहारेकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आला. रंगारी वर्षभरानं सुटला. आता तो दाराला रंग देतानाही दाराकडे पाठ करत नाही.

साडू सगळं ऐकायचा, मान हलवायचा आणि रविवारी सकाळी फोनजवळची खुर्ची पकडायचा. तोंड दाखवणारे फोन आमच्याकडे यायचे होते तेव्हा. नुसता आवाज. त्या आवाजावर हा माणूस आठवडा काढायचा. फोन ठेवल्यावर ताईला सांगायचा, आज आईला खोकला नव्हता, आज मागच्या खोलीतला नळ गळताना ऐकू आला, अजून दुरुस्त केला नाही वाटतं. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, “साडूभाऊ, फोनवर आईशी बोलता की नळाशी?” तो हसला नाही. म्हणाला, “अरे, त्या नळाखाली मी तोंड धुवायचो.” मला त्या वेळी उगाच बोललो असं झालं.

पुढे आईला ऐकू येईनासं झालं. आधी ती “मोठ्यानं बोल” म्हणायची. मग फोन बहिणीच्या हातात द्यायला लागली. एका रविवारी मी तिथेच होतो. बहीण पलीकडून आईच्या कानात ओरडत होती, “दादा आहे, दादा!” आणि आईचा खणखणीत आवाज आला, “डबा? कसला डबा?” आम्ही सगळे हसलो. साडूही हसला. मग तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. ताई मला हळूच म्हणाली, “आता काहीतरी करा रे. तिचे डोळेही गेलेत म्हणे. याला एकदा तिच्या हाताला लागू द्या.”

करण्यासारखं एकच होतं. तिकडच्या सरकारनं त्याच सुमारास जुन्या माणसांची नागरिकत्वातून मुक्तता सुरू केली होती. इथल्या त्यांच्या वकिलातीत जायचं, शपथेवर जबानी द्यायची, मी कायमचा निघून गेलो होतो, माझा परत यायचा इरादा नव्हता. ते पटलं की ते तुम्हाला सोडून देतात. मग तुम्ही परके. आणि परका माणूस राजरोस पाहुणा म्हणून जाऊ शकतो, पाठीशी स्वतःच्या देशाची वकिलात घेऊन. आईकडे जायचं असेल तर आधी परत यायचं नव्हतंच म्हणून सांगायचं! मी हे ताईला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा तिनं कपाळाला हात लावला.

त्या जबानीत शेवटचा प्रश्न असा होता, “घर सोडताना घरच्या माणसांना काय सांगितलंत?”

आता तुम्हीच सांगा, आपल्या भाषेत घर सोडताना माणूस काय सांगतो? कोपऱ्यावर मीठ आणायला निघाला तरी ‘येतो’, आणि जग सोडून निघाला तरी ‘येतो’. पहिल्या खेपेला गेलेले झाडून सगळे नापास झाले. न्हावी गेला, पाववाला गेला, शिवणकाम करणारी एक विधवा बाई गेली. सगळ्यांनी शपथेवर खरं सांगितलं, ‘येतो’ म्हणालो, ‘येते’ म्हणाले. वकिलातीनं लिहून घेतलं, परत येण्याचा इरादा स्पष्ट. अर्ज नामंजूर. दुसऱ्या कुठल्याही भाषेत जन्मलेला माणूस या खड्ड्यात पडला नसता.

मग आमच्या लोकांत बातमी पसरली आणि दुसऱ्या खेपेपासून सगळे ठणकावून ‘जातो म्हणालो’ सांगू लागले. पाववाला तसा सुटला. मुक्ततेचा शिक्का बसल्यावर तो आनंदानं उठला आणि अधिकाऱ्याला म्हणाला, “बरंय साहेब, येतो!” अधिकाऱ्यानं शिक्का उचलून परत एकदा पाहिला म्हणे. तेव्हापासून त्यांनी नवा नियम काढला, की नुसतं जाणाऱ्याचं ऐकायचं नाही, मागे राहिलेल्या जवळच्या माणसाचीही जबानी घ्यायची, आणि ती होईपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही.

मी साडूला गाडीत घालून तालीम सुरू केली. एक चक्कर गावाला घालायची, प्रत्येक सिग्नलला मी विचारायचं, “निघताना काय म्हणालात?” आणि त्यानं म्हणायचं, “जातो.” तो खिडकीबाहेर बघत बसायचा.

“साडूभाऊ, एक शब्द आहे. दोन अक्षरं. येतोमध्येही दोनच आहेत.”

“माहीत आहे रे.”

“मग म्हणा.”

“तिथे म्हणेन.”

तिकडे बहिणीलाही मी फोन केला होता, की आईला पढवून ठेव. ती म्हणाली, “काय चाललंय ते मी तिला कानात ओरडून सांगितलंय. पण अमुक शब्द बोल म्हणून मी सांगणार नाही. तुम्हाला माहीत नाही, या घरात तो शब्द उच्चारलेला तिला चालत नाही. परवा दूधवाला चुकून ‘जातो’ म्हणाला, तर त्याला जिन्यावरून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावलं तिनं.” मी फोन ठेवला आणि आमची निम्मी आशा तिथेच संपली. उरलेली निम्मी साडूच्या तोंडात होती, आणि त्या तोंडाची ख्याती तुम्ही ऐकलीच आहे.

वकिलातीची खोली म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचं साधं ऑफिस. टेबल, पंखा, काचेखाली ठेवलेला जुना नकाशा, आणि बसायला एक सोफा. साडू आत शिरताच सोफ्याकडे गेला, बसला, आणि उठून खालून हात घातला. “पट्टे सैल झालेत,” तो मला म्हणाला. मी म्हटलं, “ते नंतर.” अधिकारी चाळिशीचा, चष्मेवाला, आमच्याच भाषेचा. बोलायला गोड. “बसा बसा. आपल्याकडे हल्ली जरा वेळ लागतो, काय करणार,” वगैरे. मी सोबत म्हणून मागच्या खुर्चीवर बसलो. गप्प बसायचं या अटीवर.

जन्म, बाप, गल्ली, शाळा, सगळं झालं. साडूनं नीट उत्तरं दिली. मग अधिकाऱ्यानं शेवटचा प्रश्न वाचला. साडूनं तोंड मिटलं. गाल आत ओढले, जीभ फिरवली. तोंडात एकही चूक नव्हती, तरी तो चुका असल्यासारखा बसला.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. “घाई नाही. नीट आठवा. बरीच वर्षं झाली, माणूस विसरतो. काही लोकांना आधी एक आठवतं, मग खरं काय ते आठवतं.” याहून जास्त तो बिचारा काय करणार होता? माझा उजवा पाय जमिनीत रुतला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, दाब, दाब, दाब.

“येतो म्हणालो,” साडू म्हणाला.

“पुन्हा एकदा विचारतो.”

“तिला ‘येतो’ म्हणालो. दारात. मग गल्लीच्या तोंडाशी वळून एकदा बघितलं, मग पाण्याच्या टाकीपाशी बघितलं. ती उभीच होती.” टाकीबिकी कुणी विचारलं होतं? पण आता चुका संपल्या होत्या आणि तोंड उघडलं होतं. “बसमध्ये बसल्यावर गल्ली दिसत नाही तिथून. तरी बघितलं.”

अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. टाकीसुद्धा.

जिन्यात मी त्याला धरलं. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईला भेटायचंय की नाही, ताईच्या जिवाला किती घोर लावलाय, एक शब्द, फक्त एक शब्द. तो कठड्याला टेकून ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, “ती अजून आहे रे. जिवंत आईच्या दारात उभा राहून मी ‘जातो’ म्हणालो, असं मी सही करून देऊ? आणि इथे मी इतकी वर्षं कशावर काढली? सकाळी उठतो ते येतो म्हणालोय म्हणून उठतो. मला दुसरं काही येत नाही, सोफे शिवता येतात आणि तिची आठवण काढता येते. तो शब्द काढून घेतला तर माझ्याजवळ राहतं काय?” त्याचा आवाज चढला नव्हता. मी खाली जाऊन गाडी काढली.

ताईनं त्या दिवशी घडीच्या चारही खुर्च्या मिटवून भिंतीला लावल्या आणि म्हणाली, “उभे राहा आता. जायचंच आहे ना तुम्हाला?” मग तीच रडायला लागली, आणि साडूनं एक खुर्ची उघडून तिला बसवलं.

मधले रविवार वाईट गेले. बोलायची बंदी. साडू नेहमीच्या वेळेला फोनजवळ जाऊन बसायचा, नुसता. एकदा त्यानं रिसीव्हर उचलून कानाला लावला, त्यातली सलग घरघर ऐकली आणि ठेवून दिला. कारखान्यात त्याचं काम वाढलं होतं, म्हणजे तो वाढवून घेत होता. एका दिवाणाचं धडधाकट अस्तर त्यानं उसवून परत शिवलं. मी चहाला गेलो की तोंडात चुका भरायचा. मलाही बोलावंसं वाटत नव्हतं, आणि माझ्या बाबतीत हे आजारपणाचं लक्षण आहे.

मग वकिलातीतून बोलावणं आलं. नामंजुरीचा कागद असणार, पोस्टानं का पाठवत नाहीत मेले, असं बडबडत मी त्याला घेऊन गेलो.

टेबलावर छोटा टेपरेकॉर्डर होता. अधिकारी म्हणाला, “तुमच्या मातोश्रींना दिसत नाही, त्यामुळे आमच्या कारकुनानं घरी जाऊन जबानी टेपवर घेतली. नियमाप्रमाणे तुम्हाला ऐकवावी लागते.” आणि त्यानं बटण दाबलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग लांब कुठेतरी पाणी ठिबकत होतं. साडूनं टेबलाची कड धरली. मग कारकून ओरडला, “आजी, मुलगा घरातून निघाला तेव्हा काय म्हणाला?”

“ओरडू नकोस. सांगते.” तोच खणखणीत आवाज, फक्त थकलेला. “जातो म्हणाला.”

“काय म्हणाला?”

“तुलाही ऐकू येत नाही का? जातो म्हणाला. या दारात उभा राहून म्हणाला, आई, मी जातो. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्यानं. त्या दिवसापासून तो माझा कोणी नाही. लिही.”

“परत येईन असं कधी कळवलं?”

“कधी नाही. तो कशाला येतोय? गेलेला आहे तो. लिहिलंस? कायमचा गेलेला आहे.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग कारकुनाचा आवाज, तसाच मोठा पण नरम, “बरंय आजी. येतो मी.” आणि ती लगेच म्हणाली, “ये हो, ये. सावकाश जिना उतर.” इतक्या मायेनं म्हणाली. अधिकाऱ्यानं घाईनं बटण बंद केलं.

साडू उभा राहिला. “हे खोटं आहे,” तो म्हणाला. “मी बघितलं होतं. टाकीपाशीसुद्धा बघितलं होतं. तिला माहीत आहे.”

“बसा,” अधिकारी म्हणाला.

“ती हात कपाळाला लावून उभी होती, उन्हामुळे...”

“अहो, बसा!” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. मग त्यानं दाराकडे बघितलं आणि हळू बोलू लागला. “दोन जबान्या जुळत नसतील तर देशात राहिलेल्या माणसाची ग्राह्य धरायची, असा नियम आहे. कारण त्या आमच्या नागरिक आहेत. तुम्ही आहात की नाही हेच अजून ठरायचंय. त्यांचं म्हणणं मान्य आहे एवढी तुमची सही लागते, की झाली मुक्तता. हरकत घेतलीत तर मग शपथेवर खोटं कोण बोललं याची चौकशी होईल. तिकडे होईल. त्यांची होईल. या वयात.” त्यानं कागद पुढे सरकवला. “तुमच्या आठवणीत नसेल राहिलं. बरोबर ऐकलं असेल त्यांनी.”

मला वाटत होतं, माझ्या पायाखाली आता ब्रेकही नाही आणि काहीच नाही. साडू कागदाकडे बघत बसला. त्यानं एकदा टेपरेकॉर्डरवर हात ठेवला, उकळत्या दुधाच्या भांड्याला लावून बघावा तसा, आणि काढून घेतला. मग सही केली. आयुष्यात त्याला शिवण तिरकी गेलेली चालली नाही, पण सही अगदी तिरकी गेली.

अधिकाऱ्यानं शिक्का मारला आणि हात पुढे केला. “झालं. आता तुम्ही निर्धास्त जा. काही झालंच तर तुमची वकिलात आहे.” आणि मग चष्मा पुसत, चांगल्या मनानं म्हणाला, “या आमच्याकडे एकदा.”

आमच्याकडे. पहिल्या दिवशी तो ‘आपल्याकडे’ म्हणाला होता. माझ्या ते लक्षात आलं, साडूच्याही आलं असणार, कारण त्यानं दारात क्षणभर थांबून त्या खोलीकडे, त्या सैल पट्ट्यांच्या सोफ्याकडे बघून घेतलं.

गाडीत तो एकच वाक्य बोलला, “मागे वळून बघितलं नाही असं म्हणायला नको होतं तिनं.” ते त्याला लागलं होतं. जातोपेक्षाही तेच लागलं होतं.

त्यांच्या घरी पोहोचल्यावर ताईला मी दारातच सगळं सांगितलं. तिनं फोन त्याच्या पुढ्यात आणून ठेवला. वार रविवार नव्हता. बहिणीनं उचलला. तिला आधीच कळलं असावं, ती नुसतीच “दादा, दादा” करत होती.

“तिला विचार,” साडू म्हणाला, “मी वळून बघितलं नाही असं का सांगितलं तिनं? विचार तिला.”

बहीण कानात ओरडली. पलीकडे खुडबुड झाली, आणि मग रिसीव्हर आईनं स्वतः घेतला असावा, कारण तिचा आवाज एवढा मोठा आला की दारात उभ्या असलेल्या मलाही प्रत्येक शब्द ऐकू आला.

“मग काय सांगू? दोनदा वळून बघितलंस, ते सांगितलं असतं तर धरून ठेवलं नसतं त्यांनी तुला? अरे, सगळी गल्ली आत गेली तरी मी उभी होते. मला नाही माहीत होय? जन्मात जो शब्द या घरात बोलू दिला नाही तो मी बोलले. तीनदा बोलले, कारकुनाला ऐकू येत नव्हतं. आता तिथे बसून रडू नकोस. तू रडतोयस की नाही ते मला ऐकू येत नाही, पण रडू नकोस. ये, आणि मला खोटी पाड. लोकांना बघू दे मी किती खोटारडी आहे ते.”

उत्तर दिलं असतं तरी तिला ऐकू येणार नव्हतं. तिनं फोन ठेवून दिला.

साडू रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. ताईनं तो सोडवून घेऊन जागेवर ठेवला. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, माझ्याकडे वळला, आणि तेवीस वर्षं परत जायचं म्हणणाऱ्या त्या माणसानं मला विचारलं,

“अरे, तिकीट कुठे मिळतं?”